तोरणमाळच्या तलावांवर एक दिवस: पायी भटकंतीची आखणी कशी करावी

हिमालयातल्या निळ्या तळ्यांचे फोटो पाहिले की आपल्याकडच्या पुष्कळ जणांना वाटतं, डोंगरमाथ्यावरचं शांत पाणी बघायचं तर मनाली नाहीतर हृषीकेश गाठायला हवं, आठ दिवसांची रजा काढायला हवी. नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, धुळे इथल्या माणसाला मात्र असं पाणी सातपुड्यातच आहे. तोरणमाळचा यशवंत तलाव आणि त्याच पठारावरचा कमळ तलाव. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, भोवती जंगल आणि कडेला एकदम तुटणारी दरी.

दोन्हीकडच्या तळ्यांची जात वेगळी आहे, हेही सांगायला हवं. तिकडची उंचावरची बहुतेक तळी हिमनदीने खडक कोरून केलेली असतात आणि झाडं संपतात त्याच्याही वर. आपलं पाणी काळ्या कातळाच्या पठारावर साठलेलं पावसाचं. दिवस आखायची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. इथे ती अंगवळणी पडली, तर पुढे कधी हिमालयातल्या देवरिया ताल या तळ्याला गेलात तरी गडबडणार नाही.

तोरणमाळला गाडी थेट तलावापर्यंत जाते. त्यामुळे बहुतेक लोक आखणी करतच नाहीत. मीही पहिल्यांदा केली नव्हती. ऑगस्टमधला रविवार, आम्ही पाच जण, घरून निघता निघता साडेनऊ. वर पोचलो तेव्हा काठावर गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीतून वेगळं गाणं. सीताखाईच्या दरीकडे पायी निघालो ते दुपारी तीनला, गाडीपाशी परत आलो ते साडेसहाला, अंगावर पाऊस घेत. घाटात धुकं उतरलं होतं. हेडलाइट लावला की समोर पांढरी भिंत, बंद केला की काळोख. मागच्या सीटवरचा मित्र खिडकीतून अर्धा बाहेर वाकून टॉर्चने रस्त्याची कड शोधत होता आणि ओरडत होता, ‘डावीकडे, अजून डावीकडे, थांब!’ तो घाट उतरायला आम्हाला किती वेळ लागला हे मी घड्याळात पाहिलं नाही. घरी कोणाला माहीतही नव्हतं की आम्ही तोरणमाळला गेलोय.

पुढे जे लिहिलंय ते त्या संध्याकाळनंतर शिकलेलं आहे.

आधी तारीख

शांतता हवी असेल तर सगळ्यात मोठा निर्णय तारखेचा. तलाव तोच, काठ तोच. रविवारी तिथे जत्रा असते आणि मंगळवारी वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांच्या डुबकीचा आवाज ऐकू येतो.

माझ्या मते ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पाऊस संपलेला, ओढ्यांना अजून थोडं पाणी, गवत पिवळं पडत आलेलं आणि दुपारीही चालता येईल असं ऊन. त्यातही दिवाळीच्या सुट्ट्या आणि नाताळचा आठवडा टाळा. मंगळवार ते गुरुवार जमलं तर उत्तम. रजा मिळत नसेल तर शनिवारी अगदी पहाटे निघा, रविवारी नको.

काही दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथांची मोठी यात्रा भरते. खान्देश, मध्य प्रदेश, गुजरात सगळीकडून भाविक येतात, पुष्कळ जण पायी. यात्रेला यात्रा म्हणून जरूर जावं, पण त्या दिवशी निवांत तलाव मिळणार नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा रस्ते गजबजलेले असतात आणि वाटाड्या मिळणंही कठीण. धुळे-दोंडाईचाकडून येणाऱ्यांनी दत्तजयंतीही लक्षात ठेवावी. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तेव्हाच असते आणि तापीवरचा तुमचा पूल तिथेच आहे. तेवढ्या दिवसांत नंदुरबारहून प्रकाशामार्गे शहादा गाठणं बरं.

पावसाळ्याचा मोह मला कळतो. सीताखाईत धबधबा कोसळतो तो पावसाळ्यातच, हिवाळ्यात तिथे दिसतो तो नुसता उघडा कडा. पण त्या दिवसांत वाट निसरडी असते, ओढे तासाभरात चढतात आणि धुकं वर सांगितलं तसं उतरतं. पहिली भेट पावसाळ्यात नकोच. दुसरी-तिसरी करायची तर चार-पाच दिवस पाऊस थांबलेला पाहून करा, आणि निघण्याआधी प्रशासनाने पर्यटनावर बंदी घातलेली नाही ना, याची पोलीस ठाण्यात नाहीतर वनविभागाकडे चौकशी करा.

एप्रिल-मेमध्ये वर खालच्यापेक्षा गारवा असतो हे खरं. हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते, म्हणजे शहाद्यात ४२ असताना वर ३६ च्या आसपास. ३६ अंशांत तासन्‌तास चालणं सोपं नसतं. तेव्हा गेलात तर सकाळी दहानंतर चालू नका, सावलीत बसा.

मग घड्याळ, पण उलटं

दिवस सूर्यास्तापासून मागे मोजत आणायचा, सगळ्या आखणीचा गाभा हाच.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नंदुरबारकडे सूर्य सकाळी सात-सव्वासातला उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. दरीच्या बाजूला अर्धा तास आधीच सावली येते. घाट उजेडात उतरायचा असेल तर चार वाजता गाडी तोरणमाळहून सुटली पाहिजे. चारला गाडी सुटायची तर साडेतीनला चालणं संपलं पाहिजे. चालायला सुरुवात सकाळी नऊला केली, तर तुमच्या हातात साडेसहा तास आहेत. त्यातले दीड तास तलावाकाठी नुसतं बसायला ठेवा. नुसतं बसायचं नसेल तर एवढं लांब जायचं कशाला? तासभर जेवण, विसावा, फोटो. उरले चार तास. तुमची वाट या चार तासांत बसली पाहिजे.

चार तासांत किती चालून होतं, याचा एक जुना हिशेब आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा तुमची वाट १० किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ३०० मीटर. दोन तास अधिक अर्धा तास, म्हणजे अडीच तास. हा हिशेब थंड हवेतल्या, सवयीच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. आपलं ऊन आणि रोज ऑफिसात बसणारे पाय धरले, तर दीडपट करा. पावणेचार तास झाले. म्हणजे चार तासांत १० किलोमीटर ही कमाल झाली. लहान मुलं किंवा साठीपुढचं कोणी बरोबर असेल तर सहा किलोमीटरवर थांबा.

अंतर आणि चढ कळायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरा, ते संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. वाटेवर सुतळीचा तुकडा वळणावळणाने ठेवून मग पट्टीवर मोजला, की अंतर कळतं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. वाट चढताना किती रेषा ओलांडते ते मोजून वीसने गुणा. रेषा एकमेकींना चिकटून काळा पट्टा झालेला दिसला, तर तो कडा आहे. तिकडे पाऊल नाही.

शेवटी परतायची वेळ ठरवून ती सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. ‘एक वाजता जिथे असू तिथून मागे.’ सीताखाईचा कडा शंभर पावलांवर असला तरी. हा नियम घरी ठरवायला सोपा आणि तिथे पाळायला फार अवघड असतो, म्हणूनच तो घरी ठरवायचा. गटातल्या एकाला त्याचा अधिकार द्या. त्याने घड्याळ दाखवलं की चर्चा नाही.

वर कसं पोचायचं

रेल्वेने येणाऱ्यांना सुरत-भुसावळ मार्गावरचं नंदुरबार किंवा दोंडाईचा जवळ. तिथून शहादा, शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढून तोरणमाळ. शहाद्यापासून अंतर पन्नासेक किलोमीटर, पण ते सपाटीच्या पन्नास किलोमीटरसारखं धरू नका. दोन तास द्या. जळगाव, भुसावळकडच्या माणसांनी एका दिवसात जाऊन-येऊन करू नये. दिवस गाडीतच जातो आणि घाट थकलेल्या ड्रायव्हरच्या हाती येतो. आदल्या रात्री शहाद्यात मुक्काम करा आणि पहाटे सहाला निघा. थंडीत त्या वेळी केळीच्या आणि पपईच्या बागांवर धुरकट पट्टा तरंगत असतो आणि समोर सातपुडा हळूहळू निळा होत जातो.

एसटीने जायचं असेल तर जाण्याची नव्हे, परतीची शेवटची गाडी आधी विचारा, तीही आदल्या दिवशी आगारात जाऊन. तुमचं उलटं घड्याळ मग तिथून सुरू होतं.

पेट्रोल शहाद्यातच भरा. ब्रेक तपासून घ्या. घाटाच्या पायथ्याच्या गावात चहाला थांबा आणि तिथे विचारा. मी एकदा विचारलं होतं, ‘घाटमा धुकं शे का भो?’ चहावाला म्हणाला, ‘शे ना. आते नका जाऊ, नऊ नंतर जा.’ आम्ही थांबलो. नऊला धुकं विरलं. असलं उत्तर फोनवरच्या हवामानात मिळत नाही. तरीही आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहा आणि फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा, ते जवळ वीज पडण्याचा इशारा देतं.

वाट

पठारावर पाहण्यासारखं पुष्कळ आहे: यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाई, मच्छिंद्रनाथांची गुंफा, गोरखनाथांचं मंदिर, खडकी पॉइंट. सगळं एका दिवसात उरकायला निघालात तर गाडीनेच फिराल आणि काहीच पाहिलं नाही असं वाटून परत याल. दोन तलाव आणि सीताखाई, एवढंच पायी करा. गुंफा आणि मंदिर वेळ उरला तर. खडकी पुढच्या खेपेला.

सुरुवात यशवंत तलावापासून. जिथे गाड्या थांबतात तिथे थांबू नका, काठाने पलीकडे जा. दहा मिनिटांत आवाज मागे पडतो.

गेल्या डिसेंबरमध्ये तिथे पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. पाण्यावरून वाफ निघत होती, म्हशीच्या पाठीवरून निघते तशी, विरळ आणि एका बाजूला झुकलेली. एक पोरगा दगडावर उकिडवा बसून गळ टाकून होता, अंगात शाळेचा स्वेटर. बराच वेळ कोणीच हललं नाही. मग खंड्या वरून सरळ पाण्यात पडला, मासा घेऊन फांदीवर बसला आणि तो मासा फांदीवर आपटू लागला. टक, टक, टक. तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात असणार. पोराने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

पठारावर पायवाटा अनेक फुटतात. काही गुरांच्या, काही लाकूडफाट्याच्या, आणि काही जंगलात जाऊन संपतात. म्हणून गावातला वाटाड्या घ्या. पैसे निघण्याआधी ठरवा, घासाघीस करू नका, आणि त्याच्यासाठीही जेवण बांधून न्या. इथली वस्ती प्रामुख्याने पावरा आणि भिल्ल समाजाची. वयाने मोठ्यांना बाबा, दादा, ताई म्हणून हाक मारा. घरांचे, बायकांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नाही म्हटलं तर विषय संपला.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. रेंज कधी असते, कधी नसते. पण जीपीएस रेंजशिवाय चालतं. फोन विमान मोडवर ठेवला की बॅटरी दिवसभर पुरते. दर फाट्यावर थांबून मागे वळून पाहा. परतताना वाट उलटी दिसते आणि चुकायचं तेव्हाच चुकतं.

सीताखाईच्या काठावर एकच सांगणं: कडेपासून दोन माणसांच्या उंचीइतकं लांब राहा. वाळलेलं गवत कातळावर पायाखालून सरकतं, ओलं शेवाळ त्याहून जास्त. बसून पाहिलं तरी दरी तेवढीच दिसते.

पिशवीत काय

पाणी आधी. हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर धरा, म्हणजे साडेसहा तासांना माणशी साधारण तीन लिटर, आणि गाडीत आणखी एक लिटर परतीसाठी. तीन लिटर म्हणजे तीन किलो, हे निघण्याआधी खांद्यावर घेऊन पाहा. तलावाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यात गुरंही उतरतात. ओआरएसच्या पुड्या न्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाण्यात आपल्या दशमीला तोड नाही. कणीक दुधात आणि गुळाच्या पाण्यात मळलेली असल्याने ती दुपारपर्यंत मऊ राहते. कळण्याची भाकरी चवीला वरचढ, पण पिशवीत तिचे तुकडे होतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, गुळाचा खडा, मूठभर फुटाणे. केळी न्यायची तर पिवळीधमक नकोत, दोन तासांत लगदा होतो. किंचित हिरवट छटेची घ्या आणि डब्यात ठेवा. साली घरी परत आणायच्या. साल कुजते हे खरं, पण तोवर तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत राहते.

बूट जुने, पायात रुळलेले. नखं आदल्या दिवशी कापा, उतारावर अंगठा बुटाला घासतो तेव्हा फरक कळतो. अंगभर सुती कपडे, टोपी, पहाटेसाठी स्वेटर, मोज्यांचा जास्तीचा जोड. टॉर्च दिवसाही न्यायची. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात: तीन शिट्ट्या, थांबून पुन्हा तीन, म्हणजे ‘मला मदत हवी’. हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. पट्टी, जंतुनाशक, नेहमीच्या गोळ्या, चिकटपट्टीची रिळ.

चिकटपट्टी कशाला? खाजकुयलीसाठी. पावसाळ्यानंतर झुडपांवर तपकिरी, मखमली लवीच्या शेंगा लटकलेल्या दिसतात. अंग लागलं की आग होते. चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, कुसं तिच्याबरोबर निघतात, मग साबणाने धुवा.

अडचण आलीच तर

आग्या मोहोळ कड्याला आणि उंच झाडाला असतं. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, ओरडू नका. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा. पाण्यात उडी मारू नका.

तलावात पोहायचंही नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो आणि पाय अडकला तर चांगला पोहणाराही वर येत नाही.

साप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी. यातलं काहीही चावलं किंवा कोणता होता हे कळलं नाही, तरी करायचं एकच: माणसाला बसवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा आणि लवकरात लवकर सरकारी दवाखाना गाठा. करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. प्रतिविष दवाखान्यातच मिळतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. रेंज नसेल तर दोघांनी गावाकडे जायचं, एकाने रुग्णापाशी थांबायचं. म्हणून गट चार जणांहून लहान नको.

वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हा, गाडीत जाऊन बसा. ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, कितीही उशीर झालेला असो. अशा फरशीवरून पाणी चढतं तसंच उतरतंही, थांबायची तयारी हवी.

ज्यांना तोरणमाळ लांब पडतं

रावेर-यावलकडच्यांना पालचं जंगल आणि सुकी नदीवरचं गारबर्डी धरण आहे. चाळीसगावकडच्यांना पाटणादेवी आणि केदारकुंड. दोन्हीकडे अभयारण्याचं क्षेत्र येतं, म्हणून वनविभागाच्या नाक्यावर नोंद आणि परवानगी आधी. घड्याळ तेच, पिशवी तीच.

हिमालयातलं पहिलं तळं करायचं असेल तर उत्तराखंडातलं देवरिया ताल घ्या. सारी गावातून साधारण तीन किलोमीटरची चढण, उंची २४०० मीटरच्या आसपास. भृगू तळ्यासारखी ४००० मीटरपुढची ठिकाणं आपल्या सपाटीवरून थेट उठून जाण्याची नाहीत. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, शरीराला वाटेत दोन-तीन रात्री द्याव्या लागतात. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर चढणं थांबवायचं आणि बरं वाटेना तर खाली उतरायचं, हा तिथला नियम आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री

एका कागदावर लिहा: कोण कोण जाणार, गाडीचा नंबर, कोणती वाट, वाटाड्याचं नाव, परत कधी. खाली एक वेळ लिहा, ‘सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा’. कागद घरातल्या अशा माणसाकडे द्या जो उगाच घाबरणार नाही आणि विसरणारही नाही. आमच्याकडे तो कागद माझी वहिनी फ्रिजवर चुंबकाने लावते. घाट उतरून म्हसावदला आलो की पहिला फोन तिलाच जातो, आणि ती कागद काढून ठेवते.